कोलोरॅडोचा प्रस्ताव १२२: अळंबीची वाट मतपेटीपर्यंत कशी आली

गावातलं दारूचं दुकान राहू द्यायचं की नाही, हे मतदानानं ठरवून बाटली आडवी करायची रीत महाराष्ट्राला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ८ नोव्हेंबर २०२२ला मतदारांनी उलट दिशेनं कौल दिला. सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेली अळंबी आणि आणखी काही वनस्पतिजन्य सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा बदलणारी, द्रव्यं जवळ बाळगणं हा २१ वर्षांवरील व्यक्तीसाठी गुन्हा राहू नये, आणि परवानाधारक केंद्रांत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली अळंबी घेता यावी, या प्रस्ताव १२२ला साधारण ५४ टक्के मतं मिळाली.

ही अळंबी मूळची प्रयोगशाळेतली नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात, वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरगावात माझातेक या मूलनिवासी समाजातल्या वैदू मारिया साबिना रात्रीच्या विधीत ती आजाऱ्यांसाठी वापरत. १९५५ साली न्यूयॉर्कचे बँकर गॉर्डन वॉसन त्या विधीत बसले आणि १९५७ला त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्याचं वर्णन छापलं. बाईंचं नाव बदललं होतं, तरी गाव शोधत परदेशी लोक आलेच. पोलिसही आले, आणि पुढे बाईंचं घर जाळलं गेलं. ज्यांच्याकडून हे ज्ञान आलं त्यांच्या वाट्याला हे आलं, ही गोष्ट कायद्याच्या चर्चेत फार लवकर मागे पडते, म्हणून ती आधी सांगितली.

१९५८ला स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतून सायलोसायबिन वेगळं काढलं. १९७०च्या अमेरिकी कायद्यानं ते पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वैद्यकीय उपयोग नसलेल्या द्रव्यांत टाकलं आणि संशोधन जवळपास थांबलं. ते पुन्हा जोमानं चर्चेत आलं २००६मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या अभ्यासानंतर. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरच्या सायलोसायबिन उपचाराला अमेरिकी औषध प्रशासनानं २०१८ला अग्रक्रमाचा दर्जा दिला.

यानंतर दोन वेगळे प्रवाह निघाले. एकाचं म्हणणं होतं, आधी लोकांना तुरुंगात टाकणं थांबवा. मे २०१९मध्ये कोलोरॅडोची राजधानी असलेल्या डेन्व्हर शहरात त्यावर मतदान झालं. मतमोजणीच्या रात्री प्रस्ताव पडलासा वाटला, पण दुसऱ्या दिवशी चित्र पालटलं आणि दोन हजारांहूनही कमी मतांनी तो मंजूर झाला. त्यात विक्रीची परवानगी नव्हती. अळंबीचे गुन्हे पोलिसांच्या प्राधान्यक्रमात तळाला गेले, इतकंच.

दुसरा प्रवाह उपचाराचा. ऑरेगन राज्यात टॉम आणि शेरी एकर्ट या मानसोपचार करणाऱ्या दांपत्यानं पुढे आणलेला प्रस्ताव १०९ नोव्हेंबर २०२०ला मंजूर झाला. तिथे अळंबी घ्यायची ती परवानाधारक केंद्रातच, घरी न्यायची नाही. तिथली केंद्रं सुरू झाल्यावर एका सत्राचा खर्च अनेकदा हजार डॉलरच्या वर गेला.

कोलोरॅडोनं हे दोन्ही प्रवाह एकाच मसुद्यात बांधले. मतदारांनी स्वतः कायदा मांडण्याचा हक्क या राज्यात १९१०पासून आहे. २०२२ला त्यासाठी १,२४,६३२ वैध सह्या लागत होत्या. मोहिमेचा बराचसा पैसा राज्याबाहेरच्या राजकीय गटाकडून आला. म्हणूनच कडवा विरोध अळंबीच्या समर्थकांतूनही झाला. केंद्रं श्रीमंतांच्या हाती जातील ही त्यांची भीती मला रास्त वाटते. पण घरी वाढवण्याची आणि पैसे न घेता एकमेकांना देण्याची मुभाही याच कायद्यात आहे, आणि ज्याला सत्र परवडत नाही त्याच्यासाठी तीच महत्त्वाची.

पेयोट हा असाच सायकेडेलिक निवडुंग मात्र मुद्दाम वगळला गेला. तो वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि नेटिव्ह अमेरिकन चर्च या अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या धर्मसंस्थेच्या उपासनेत त्याला पवित्र स्थान आहे. वाउत्लाची पुनरावृत्ती निदान इथे तरी टाळली गेली.

अंमलबजावणीचे नियम ठरवणारा कायदा विधिमंडळानं २०२३मध्ये केला, आणि केंद्रांना परवाने मिळायला २०२५ उजाडलं. त्याच जूनमध्ये राज्यपाल जॅरेड पोलिस (हे त्यांचं आडनाव) यांनी सायलोसायबिन बाळगल्याबद्दल राज्याच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना माफी दिली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ते द्रव्य तेव्हाही पहिल्या परिशिष्टातच होतं.