हलक्या काँक्रीटमधली सळई: पकडीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

हलक्या खडीच्या काँक्रीटमध्ये सळई जास्त लांब गाडावी लागते. का, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, 'हलकं काँक्रीट सळईला नीट चिकटत नाही.' हे उत्तर गुळगुळीत सळईच्या काळातलं आहे. तेव्हा पकड म्हणजे सिमेंटचं चिकटणं आणि घर्षण, एवढंच होतं. सळई जराशी सरकली की चिकटणं संपायचं. म्हणूनच अमेरिकेतले अभियंते अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ मध्ये पीळ दिलेल्या चौकोनी सळईचं पेटंट घेतलं. १९१३ मध्ये डफ एब्रम्स यांनी इलिनॉय विद्यापीठात सळया ओढून काढण्याच्या चाचण्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला.

हलकी खडी आली ती विटांच्या भट्टीतून. कॅन्सस सिटीचे वीटउत्पादक स्टीफन हेड यांनी भट्टीत फुगून वाया जाणाऱ्या विटांकडे नीट पाहिलं आणि फिरत्या भट्टीत शेल (चिकणमातीपासून बनलेला खडक) फुगवून खडी करण्याचं पेटंट १९१८ मध्ये मिळवलं. अशाच खडीच्या काँक्रीटचं 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज १९१९ मध्ये पाण्यात उतरलं. १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या वरच्या मजल्याचा रस्ताही हलक्या काँक्रीटचा झाला.

पुढे सळईवर आडव्या कडा आल्या आणि प्रश्नच बदलला. आता कडा समोरच्या काँक्रीटवर रेटते आणि तो रेटा तिरका बाहेर पसरतो. जपानच्या गोतो यांनी १९७१ मध्ये हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. सळई ताणलेली असताना त्यांनी काँक्रीटमध्ये शाई सोडली आणि नंतर नमुना फोडला. प्रत्येक कडेपासून निघालेल्या, सळईशी साधारण ६० अंशांचा कोन करणाऱ्या भेगा शाईने रंगलेल्या होत्या. या रेट्याने सळईभोवतीचं काँक्रीट बांगडीसारखं ताणलं जातं आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण लांबीच्या दिशेने उभं चिरतं.

हलकं काँक्रीट कमी पडतं ते इथे. साध्या काँक्रीटचा सिलिंडर चिरून फोडला तर भेग बहुधा खडीला वळसा घालून जाते, अर्धे-अर्धे दगड बाहेर डोकावतात. हलक्या खडीचा फोडा: भेग दाण्यांमधून सरळ आरपार गेलेली, दोन्ही बाजूंना आतली सच्छिद्र जाळी उघडी. सिमेंट आणि दाणा यांचा सांधा मात्र शाबूत असतो. सच्छिद्र पृष्ठभागात सिमेंट शिरतं आणि दाण्यात साठलेलं पाणी त्याला आतून मुरवत राहतं. दगा देतो तो दाणा.

अमेरिकेच्या एसीआय ३१८ या काँक्रीट-बांधकामाच्या संहितेच्या १९७१ च्या आवृत्तीत सळई गाडायच्या लांबीला दोन गुणक होते: पूर्ण हलक्या (म्हणजे वाळूही हलकीच असलेल्या) काँक्रीटला १.३३, नैसर्गिक वाळू वापरली तर १.१८. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. सळई तीच, कडा त्याच. फक्त वाळू बदलली, काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद वाढली आणि लांबी कमी झाली. पुढे संहितेने लांबीच्या सूत्रात पूर्ण हलक्या काँक्रीटसाठी ०.७५ हा भाजक घेतला, १.३३ चाच तो व्यस्त आकडा. युरोकोड २ या युरोपच्या काँक्रीट संहितेमध्येही हलक्या काँक्रीटची पकड त्याच्या ताण-ताकदीवरूनच काढतात, आणि ती ताकद घनतेनुसार कमी धरलेली असते.