पाच हजार लोकांमागे एक सिस्टर: हे गणित कुठं चुकतं?

सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांमागे एक. ग्रामीण आरोग्यसेवेची आखणी आजही याच हिशोबावर होते. उपकेंद्राचा भार वाहते ती एएनएम. कागदोपत्री ती आरोग्यसेविका, गावासाठी सिस्टर. जोडीला आरोग्यसेवक, गावोगावी आशाताई, आणि २०१८ नंतर बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी. साधारण सहा उपकेंद्रांवर देखरेखीला एक आरोग्य सहायिका. मांडणी सुटसुटीत आहे, पण ती डोकी मोजते. काम मोजत नाही.

थोडा हिशोब करून बघू. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. म्हणजे ५ हजार वस्तीत वर्षाला ७५ बाळंतपणं. प्रत्येक गरोदर मातेच्या किमान ४ तपासण्या धरल्या तर ३०० होतात. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोटाची तपासणी, कार्डावर नोंद, यासाठी अर्धा तास धरला तर वर्षाचे १५० तास. एवढंच पाहिलं तर कुणालाही वाटेल, सिस्टरवर ताण कसला?

तो लसीकरणाच्या दिवशी दिसतो. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लस निघते आणि आइस पॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून अंगणवाडीत पोचते. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्यात द्रावक मिसळलं की ती वेळ कुपीवर लिहायची आणि ४ तासांनी उरलेली लस बाद करायची, कारण उघडलेल्या कुपीत जंतू वाढायचा धोका असतो. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवसांपर्यंत चालते, ही मुभा गोवर-रुबेलाला नाही. तरीही एकच बाळ आलं तरी कुपी उघडायची, आईला परत पाठवायचं नाही. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास नजरेखाली ठेवायचं. म्हणजे बाळं तीन असोत की वीस, सत्र मांडावंच लागतं.

आता ५ हजारांचं एकच गाव असेल तर महिन्याला एक-दोन सत्रांत भागतं. तीच वस्ती सात वाड्यांत विखुरलेली असेल तर सात सत्रं लागतात. बाळं मात्र तेवढीच! डोंगरी भागाला ३ हजारांचा निकष लावून अंतराची दखल घेतली गेली, हे खरं. पण सह्याद्रीच्या कुशीतली प्रत्येक वाडी काही त्या व्याख्येत बसत नाही.

यावर उपाय आहे. कामाच्या भारावरून मनुष्यबळ ठरवण्याची एक पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात आणली आणि २०१० मध्ये सुधारली. रजा, सुट्ट्या, प्रशिक्षण वजा करून हातात खरे किती तास उरतात ते आधी काढायचं. मग प्रत्येक काम नीट करायला किती वेळ लागतो ते ठरवायचं. आणि अहवाल, बैठका यांचा वेळ वेगळा धरायचा. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. एकूण वेळेचा तिसरा हिस्सा नोंदींत जात असेल, तर तेवढ्याच सेवेसाठी दीडपट माणसं लागतात. गरोदर मातांची नोंद एका पोर्टलवर, लसीकरणाची यू-विनवर, क्षयरुग्णांची निक्षयवर, शिवाय रजिस्टरं आहेतच. नवी योजना आली की नवी नोंद येते, त्यासाठी लागणारा वेळ कुणी मंजूर करत नाही. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. आणि त्याची झळ सिस्टरइतकीच, घाईत तपासल्या जाणाऱ्या गरोदर बाईलाही बसते.

डोक्यांची मोजणीही नेमकी कुठं असते? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे काम माहेरच्या सिस्टरकडे येतं. ऊसतोडीच्या हंगामात बीडची कुटुंबं सांगली-कोल्हापूरकडे जातात. फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, लसीची बाळं असतात, गरोदर बायाही असतात. तिथल्या उपकेंद्राच्या लोकसंख्येत त्यांचा पत्ता नसतो. बायका पहाटेच फडात गेलेल्या असतात, म्हणून सिस्टर आणि आशाताईंना त्यांच्या वेळेला जावं लागतं. कार्ड गावीच राहिलेलं असलं तर आधीचे डोस कोणते झाले ते विचारून, फोन करून शोधायचं. यू-विनवर आता मोबाइल नंबरवरून जुनी नोंद सापडू शकते. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्या कोप्यांपर्यंत पोचायला हवं, आणि ही पायपीट ५ हजारांच्या निकषात कुठंच धरलेली नाही.