सलाइन संपत आली तेव्हा: ओआरएसची पार्श्वभूमी

गॅस्ट्रोची साथ आली की दवाखान्यात पहिली मागणी होते ती सलाइनची. वास्तविक जुलाबाच्या बहुतेक रुग्णांना ओआरएसचे पाकीट पुरते. साथीच्या ऐन धुमाकुळात हे दिसून आले ते १९७१ मध्ये, सलाइन संपत आली तेव्हा.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात खाटा केव्हाच भरल्या होत्या. जमिनीवर पडलेल्या रुग्णांना सलाइन लावायची, तर उलट्या-जुलाबाच्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. तिथे होते डॉ. दिलीप महालनबीस.

तोंडाने पाणी देण्याची कल्पना नवी नव्हती. कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ मध्येच त्यावर लिहिले होते. ग्लुकोज सोबत असेल तर आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणीही आत जाते. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. अमेरिकी डॉक्टर डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या रुग्णांवर ते दाखवले होते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

महालनबीसांनी हे मिश्रण थेट रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. पाकिटे कोलकात्यात भरली जात, मिश्रण ड्रममध्ये कालवले जाई आणि आया-बहिणी तोटीखाली भांडे धरून ते नेत. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायची सलाइन’ म्हणत. फार खालावलेल्यांना शिरेतूनच सलाइन मिळे. तिथल्या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. माझ्या मते या कामाचे मोठेपण त्या आया-बहिणींवर टाकलेल्या विश्वासात आहे. महालनबीसांना पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आजचे निदानही त्याच धाग्यावर चालते. जंतू कोणता, यापेक्षा अंगातले पाणी किती गेले हे आधी पाहायचे: डोळे खोल गेलेत का, तहान किती आहे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की किती वेळाने सपाट होते. २००४ पासून मुलांना सुधारित (मीठ-ग्लुकोज कमी केलेल्या) ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस आहे. साध्या पातळ जुलाबाला अँटिबायोटिक बहुधा लागत नाही. शौचात रक्त पडत असेल, मूल मलूल झाले असेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर मात्र घरी थांबू नये.