हॅमस्ट्रिंगच्या गंभीर दुखापतीवरील शस्त्रक्रिया

मांडीच्या मागच्या तीन स्नायूंना हॅमस्ट्रिंग म्हणतात. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात. धावताना त्यांतला एखादा ताणला किंवा अर्धवट फाटला, तर विश्रांती आणि फिजिओथेरपीवर बहुधा भागते. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो मुख्यतः कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, हाडापासून उखडल्यावर. गुडघा ताठ असताना शरीर कमरेत झटक्याने पुढे वाकले की असे होते. वॉटर स्कीइंगमध्ये ही दुखापत ठरलेली, पण ओल्या फरशीवर पाय पुढे घसरूनही ती होते. मांडीमागे काहीतरी तुटल्यासारखे जाणवते, काही दिवसांत काळेनिळे पडते, बसवत नाही. एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. निदान एमआरआयवर होते. तोवर लचक समजून शेक-मालिश करण्यात आठवडे गेले, तर पुढचे काम अवघड होते.

तिन्ही कंडरा सुटल्या, किंवा दोन सुटून २ सेंटिमीटरहून जास्त खाली सरकल्या, तर सहसा पहिल्या तीन-चार आठवड्यांत शस्त्रक्रिया सुचवतात. रुग्णाला पालथे झोपवून नितंबाखालच्या घडीत छेद घेतात, हाडात धागे जोडलेले बारीक अँकर बसवतात आणि कंडरा ओढून मूळ जागी शिवतात. पायाकडे जाणारी मोठी चेतातंतूंची नस (सायाटिक) अगदी शेजारून जाते. उशीर झाल्यास कंडरा आखडते आणि व्रणाची ऊती नसेला चिकटते. मग आधी नस मोकळी करावी लागते, कधी दात्याची कंडरा जोडून अंतर भरावे लागते.

कंडरा उखडली म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे मात्र नाही. स्वीडन आणि नॉर्वेतील ३० ते ७० वयाच्या रुग्णांवरील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेलेही मागे नव्हते. व्यावसायिक खेळाडूंचा हिशेब अर्थातच निराळा.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे कुबड्या लागतात. या काळात गुडघा ताठ ठेवून पुढे वाकायचे नाही; मोजे घालायलाही दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. हलके धावणे तीन-चार महिन्यांनी, खेळ बहुधा सहा ते नऊ महिन्यांनी. फाटण्याची जागा आणि प्रमाण यांनुसार हे बदलते. बेन स्टोक्सचा डावा हॅमस्ट्रिंग डिसेंबर २०२४ मध्ये हॅमिल्टन कसोटीत फाटला, जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि मे २०२५ मध्ये तो झिंबाब्वेविरुद्ध खेळला. फुटबॉलपटू केव्हिन डी ब्रॉयनला हॅमस्ट्रिंगच्याच दुखापतीमुळे ऑगस्ट २०२३ ते जानेवारी २०२४ बाहेर बसावे लागले. दोघांच्याही दिमतीला पूर्णवेळ फिजिओ होते, हे सामान्य रुग्णाने या तारखा वाचताना ध्यानात घ्यावे. मैदानावर परतलेल्यांनाही बराच वेळ बसल्यावर दुखणे किंवा मांडीमागे बधिरपणा काही काळ जाणवू शकतो.