पूर्वग्रह टिकतो कसा?

चार बुकं शिकली की माणसाच्या मनात पूर्वग्रह राहत नाही, असं सर्रास मानलं जातं. पण पूर्वग्रहही माणूस शिकतोच. शिकतोय हे फक्त त्याच्या लक्षात येत नाही.

पावलॉवचं लाळ गाळणारं कुत्रं शाळेत सगळ्यांना भेटलेलं असतं. अन्नाआधी वारंवार ऐकू येणाऱ्या आवाजानेच पुढे त्याला लाळ सुटू लागे. 1958 मध्ये आर्थर आणि कॅरोलिन स्टॅट्स या मानसशास्त्रज्ञांनी तेच तत्त्व शब्दांना लावलं. पडद्यावर 'डच', 'स्वीडिश' अशी राष्ट्रीयतेची नावं दिसत आणि पाठोपाठ एक शब्द कानावर पडे. एका गटाला 'डच'बरोबर चांगले आणि 'स्वीडिश'बरोबर वाईट शब्द ऐकवले, दुसऱ्या गटाला नेमके उलटे. दोन्ही गटांची मतं त्या त्या बाजूला झुकली, आणि त्यासाठी एकाही डच किंवा स्वीडिश माणसाला भेटावं लागलं नाही! याला अभिजात अभिसंधान म्हणतात. मानसशास्त्रज्ञ बांडुराने 1961 मध्ये दाखवलं की मुलं मोठ्यांचं नुसतं पाहूनही आक्रमक वागणं उचलतात. बैठकीत साहेब कुणाचं बोलणं मध्येच तोडतात, हे नवा कर्मचारीही असंच टिपतो.

पण शिकलेलं असं टिकून का राहतं? मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो याचा उलगडा. 1953 मध्ये सॉलोमन आणि विन यांनी कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं. दिवा विझला की दहा सेकंदांनी विजेचा धक्का बसे, पलीकडच्या कप्प्यात उडी मारली की सुटका. लवकरच कुत्री दिवा विझताच उडी मारू लागली. मग धक्का कायमचा बंद केला, तरी त्यांच्या उड्या थांबेनात. धक्का बसत नाही हे कळायला दहा सेकंद जागेवर थांबावं लागतं, आणि तेवढं ती थांबतच नव्हती. भीती अभिजात अभिसंधानाने आली होती. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. हे झालं साधक अभिसंधान. मावररने 1947 मध्ये मांडलेला हा द्विघटक सिद्धांत.

कार्यालयातही तेच. एका गटातल्या एका माणसाशी खटका उडाला, की त्या गटातल्या पुढच्या माणसाला महत्त्वाचं काम दिलं जात नाही. काम दिलं नाही, म्हणून ते बिघडलंही नाही. मनात मात्र नोंद होते, 'बरं झालं, टाळलं.' अंदाज चुकायची संधीच मिळत नाही, आणि अंदाज चुकल्याशिवाय मेंदू जुना धडा बदलत नाही.

म्हणून एका दिवसाच्या कार्यशाळेत पूर्वग्रह 'डिलीट' करून देण्याच्या जाहिराती मला फसव्या वाटतात. शिकलेली प्रतिक्रिया विझते त्याला विलोपन म्हणतात, पण विलोपन म्हणजे पुसणं नव्हे, हे पावलॉवलाच दिसलं होतं. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपसूक परत येई. नवा धडा ज्या जागी शिकला, त्या जागेला चिकटून राहतो. सभागृहात शिकलेलं टेबलाशी परतल्यावर आठवेलच असं नाही. दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचा, तर त्या संपर्काच्या अटी 1954 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने सांगितल्या होत्या: बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. अशा कामात समोरच्याला टाळता येत नाही. ते दहा सेकंद थांबावंच लागतं.