जर्मनच्या गंजावरचा न दिसणारा पापुद्रा: पार्श्वभूमी

भंडाऱ्याकडे पितळेचा गुंड चिंचेनं घासला की लखलखतो, आणि काही दिवसांत पुन्हा काळवंडतो. जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, मात्र वर्षानुवर्षं टिकतो. खरं तर ऑक्सिजनची ओढ ॲल्युमिनियमलाच जास्त; पण त्यावर लगेच धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो, धातूला घट्ट चिकटतो आणि पुढचा ऑक्सिजन अडवतो. इतक्या पातळ थरात नेमकं काय आहे, हे पाहायचं कसं?

त्याची सुरुवात भलतीकडेच झाली. 1887 मध्ये हाइनरिख हर्ट्झला अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज उडते असं दिसलं. पुढच्या वर्षी विल्हेल्म हॉलवाक्सनं जस्ताच्या पत्र्यावर प्रयोग केले. पत्रा ताजा घासलेला असला की त्यावरचा ऋण प्रभार भराभर उतरे. हवेत राहिलेल्या पत्र्यावर हा परिणाम मंदावे. पृष्ठभागाची अवस्था अशी पहिल्यापासूनच आडवी येत होती. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हेच त्यामागचं कारण. 1905 मध्ये आइन्स्टाइननं या परिणामाचा हिशेब मांडला, तरी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा बारकाईनं मोजणारं यंत्र यायला पुढं जवळपास अर्धं शतक गेलं.

ते काम स्वीडनमधल्या उप्साला इथं काई सीगबान यांच्या गटानं केलं. तांब्याचा ऑक्साइड झाला की आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा किंचित सरकते, हे त्यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलं. माझ्या मते या इतिहासातली कळीची गोष्ट हीच. समोर तांबं आहे एवढंच नाही, ते कोणत्या रासायनिक अवस्थेत आहे तेही आता वाचता येऊ लागलं. सीगबान यांना 1981 चं नोबेल मिळालं.

या पद्धतीत नमुन्यावर क्ष-किरण सोडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजतात. क्ष-किरण नमुन्यात खोलवर शिरतात, पण ऊर्जा न गमावता बाहेर पडतात ते फक्त वरच्या काही नॅनोमीटरमधले इलेक्ट्रॉन. म्हणून ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रॉन-ऊर्जेच्या आलेखात धातूचं शिखर 73 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास, आणि दोन-तीन एककं पुढं ऑक्साइडचं, अशी दोन्ही दिसतात. त्यांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणावरून पापुद्र्याची जाडी काढतात. मात्र हवेच्या दाबाच्या अब्जांशाएवढा वायू उरला तरी स्वच्छ पृष्ठभाग एखाद्या सेकंदात झाकला जाऊ शकतो. त्याहून कितीतरी चांगलं निर्वात लागतं. खर्च होतो तो तिथंच.

दुसरी अडचण ऑक्साइडची स्वतःची. बहुतेक जाड ऑक्साइड वीज वाहू देत नाहीत. इलेक्ट्रॉन निघून गेले की नमुन्यावर धन प्रभार साचतो आणि शिखरं जागा सोडतात. मग ऑक्साइडच पातळ वाढवायचा, म्हणजे खालचा धातू तूट भरून काढतो. जर्मनीत हान्स-योआखिम फ्रॉइंड यांच्या गटानं निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या स्फटिकावर सुमारे अर्ध्या नॅनोमीटरचा थर वाढवून अभ्यासला. टेक्सासमध्ये वेन गुडमन यांनी मॉलिब्डेनमवर मॅग्नेशियम ऑक्साइड वाढवला. त्या अर्ध्या नॅनोमीटरच्या थराची अणुरचना मात्र 2005 मध्ये सुटली.

आपल्याकडं तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून बॅटरीसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं. मँगनीज कोणत्या ऑक्साइडमध्ये आहे, हे याच पद्धतीत एका शिखराच्या दुभंगण्यावरून ओळखतात: मोनॉक्साइडमध्ये दोन भागांतलं अंतर सुमारे 6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, डायऑक्साइडमध्ये साडेचारच्या आसपास. खाणीवरच्या ढिगाची प्रत ठरवायला मात्र हे यंत्र कामाचं नाही, कारण त्याला दगडाचे वरचे काही नॅनोमीटरच दिसतात.