विद्यापीठातले रसायनशास्त्र कागदावरच राहते का?

‘विद्यापीठांतले रसायनशास्त्रातील संशोधन पदवीपुरतेच असते, सामान्य माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही,’ असा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे. बहुतेक प्रबंध कपाटातच राहतात हे खरे असल्याने तो पटतोही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

साधा कॅल्क्युलेटर घ्या. त्याच्या पडद्यावरचे काळे आकडे द्रवस्फटिकांमुळे, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण स्फटिकासारखी रेणूंची मांडणी असलेल्या पदार्थांमुळे दिसतात. 1888 साली प्रागमध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाला असे आढळले, की कोलेस्टेरॉलपासून बनवलेले एक संयुग 145.5 अंश सेल्सियसला वितळून गढूळ होते आणि 178.5 अंशांना एकदम नितळ. ही गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक; पण त्या वेळी या निरीक्षणाचा कुणालाच काही उपयोग सुचला नव्हता. पुढे पडदे बनवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा अडचण अशी आली, की हाती असलेले पदार्थ एकतर नेहमीच्या तापमानाला चालत नसत किंवा दमट हवेने बिघडत. 1973 मध्ये इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने सायनोबायफेनिल वर्गातील टिकाऊ संयुगे तयार केली आणि त्यांच्या मिश्रणांवर घड्याळांचा व कॅल्क्युलेटरचा मोठा उद्योग उभा राहिला.

पडताळा घरीच घेता येतो. पोलराइज्ड गॉगल लावून कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवला, तर एका कोनात पडदा काळा पडतो, कारण द्रवस्फटिकांचा पडदा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशावरच चालतो आणि त्या कोनात गॉगल तो प्रकाश अडवतो. संशोधन नेमके कुठे झाले, हे मूळ शोधनिबंधावर लेखकांच्या नावाखाली छापलेले असते. प्रत्येक प्रबंधातून कारखाना निघत नाही. कोणत्या प्रबंधातून निघेल, हे 1888 साली तरी कुणाला सांगता आले नसते.